दुसरी प्रत कोठे ठेवावी?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून बहुधा शिक्षणाचे महत्त्व, शिस्त, चारित्र्य अशा विषयांवर बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु आज मी आपले लक्ष एका साध्या, घरगुती म्हणावे अशा प्रश्नाकडे वेधू इच्छितो. आपल्या संगणकात जे साठविलेले आहे त्याची दुसरी प्रत आपण ठेवतो काय? ठेवत असल्यास ती कोठे ठेवतो? संगणकाला तारेने थेट जोडलेल्या डिस्कवर, की नेटवर्कवर बसविलेल्या डिस्कवर? आणि या दोहोंत फरक तो कोणता?

विषय तांत्रिक वाटेल. परंतु त्याचे मूळ आपल्या जुन्या सवयींतच आहे. आपल्या आईवडिलांच्या काळी घरात एक पत्र्याची पेटी असे. तिच्यात जमिनीचे कागद, निकाहनामा, शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट, आगबोटीवर किंवा आखातात नोकरी करणाऱ्या माणसाची पत्रे असत. मूळ कागद कोणी सहसा बाहेर काढीत नसे. अर्जाबरोबर जावयाची ती सत्यप्रत. आणि शहाणी माणसे महत्त्वाच्या कागदांची एक नक्कल दुसऱ्या गावी, मामाकडे किंवा मोठ्या भावाकडे ठेवून देत. घराला आग लागली, पुराचे पाणी आले, तरी सर्वच हातचे जाऊ नये हा त्यामागचा विचार. आज पेटीची जागा संगणकाने आणि मोबाईलने घेतली. कागद तेथे गेले. परंतु नक्कल दुसरीकडे ठेवण्याची ती सवय मात्र मागेच राहिली.

प्रथम हे पाहू की जपावयाचे काय. दहावी-बारावीची गुणपत्रिका हरवली तर मंडळाकडे तिची नोंद असते. २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमधूनही अनेक दाखले पुन्हा मिळतात. म्हणजे ज्या गोष्टीची नोंद दुसऱ्या कोणाकडे तरी आहे ती गेली तर त्रास होतो, नाश होत नाही. परंतु तुम्ही दोन वर्षे खपून लिहिलेला प्रबंध, आजोबांची एकुलती एक छायाचित्रे, मरहूम आजीचा रेकॉर्ड केलेला आवाज, दुकानाचा हिशेब, यांची नोंद जगात अन्य कोणाकडेही नसते. ती तुमच्या डिस्कवर आहे तोवर आहे.

हीच गोष्ट शाळेच्या कार्यालयाला लागू पडते. आपल्या समाजातील अनेक जातींचा महाराष्ट्रात इतर मागासवर्गात समावेश आहे. त्या जातीचा दाखला आणि पुढे पडताळणी हवी असेल तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. गरीब घरात असा पुरावा कोठून यावयाचा? बहुधा वडिलांच्या किंवा आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधील एका ओळीतून. त्या एका ओळीवर नातवाची शिष्यवृत्ती आणि नातीचा महाविद्यालयातील प्रवेश अवलंबून असतो. ती जुनी रजिस्टरे आता जीर्ण झाली आहेत. पाने हाताळली की तुकडे पडतात. म्हणून अनेक शाळांनी ती स्कॅन करून संगणकात घेतली आहेत. काम उत्तमच झाले. परंतु स्कॅन केलेली पाने एकाच संगणकाच्या एकाच डिस्कवर पडून असतील, तर कागदावरचा धोका आपण यंत्रावर नेला, एवढेच त्याचे फलित.

यंत्राचा धोका तो कसला, असे कोणी विचारील. साध्या हार्ड डिस्कच्या आत गुळगुळीत चकत्या असतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात, आणि अक्षरे वाचणारे टोक त्यांच्यावरून हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगत जाते. चालू डिस्क टेबलावरून पडली की ते टोक चकतीवर आपटते. नव्या एसएसडी डिस्कमध्ये फिरणारा भाग नसतो, म्हणून ती धक्क्याने सहसा बिघडत नाही. परंतु ती अनेकदा कसलीही पूर्वसूचना न देता बंद पडते, आणि वीज न मिळता फार काळ पडून राहिली तर तिच्यातील मजकूर विरू शकतो. पेन ड्राइव्ह तर केवळ ने-आण करण्याचे साधन होय. चांगली डिस्क असते आणि वाईट डिस्क असते, हे खरे. परंतु कधीच न बिघडणारी डिस्क अजून कोणी तयार केलेली नाही.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. मोबाईल भरला की आपण त्यातील छायाचित्रे बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकतो, मोबाईलमधून पुसून टाकतो, आणि म्हणतो, बॅकअप झाला. हा बॅकअप नव्हे. वस्तू एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेली. प्रत एकच राहिली. मूळ जागेवर असताना दुसरी जागा निर्माण होते तेव्हाच तिला राखीव प्रत म्हणावयाचे. तसेच एकाच संगणकाच्या 'सी' मधून 'डी' मध्ये केलेली नक्कल हीदेखील बहुतेक वेळा एकाच डिस्कच्या दोन कप्प्यांतील नक्कल असते. डिस्क गेली की दोन्ही कप्पे जातात.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. राखीव प्रत ठेवण्याचे जे दोन प्रमुख मार्ग आहेत त्यांची ओळख करून घेऊ.

पहिला मार्ग म्हणजे थेट जोडलेली डिस्क. खिशात मावेल एवढी पेटी, तिला यूएसबीची तार. तार संगणकाला लावली की डिस्क दिसू लागते. हिला वेगळा पासवर्ड नको, जोडणी करून देणारा माणूस नको, इंटरनेट नको. काम झाले की काढून कपाटात ठेवता येते. संगणक जळला तर तीच डिस्क शेजाऱ्याच्या संगणकाला लावून त्याच क्षणी फाइल उघडता येते.

दुसरा मार्ग नेटवर्कवरच्या डिस्कचा. इंग्रजी आद्याक्षरांवरून हिला 'नॅस' म्हणतात. दिसावयास ही एक किंवा अधिक डिस्क असलेली पेटी. परंतु प्रत्यक्षात तो एक छोटा संगणकच असतो. त्याला स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःची कार्यप्रणाली असते. तो तारेने राऊटरला जोडलेला असतो आणि दिवसरात्र चालू राहतो. घरातील किंवा कार्यालयातील सर्व संगणक त्याच्याकडे आपापली प्रत पाठवू शकतात. कोणी खुर्चीतून उठावयास नको, कोणी आठवण ठेवावयास नको. रात्री ११ वाजता प्रत व्हावी असे एकदा ठरवून दिले की ती रोज होत राहते.

वेगाच्या बाबतीत लोकांच्या मनात बराच गोंधळ असतो. विद्यार्थ्यांनी येथे एक लहानसा हिशेब लक्षात ठेवावा. नेटवर्कचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून सेकंदाला १००० मेगाबिट वेगाचे नेटवर्क म्हणजे फार तर १२५ मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात सुमारे ११०. फिरत्या चकत्यांची साधी हार्ड डिस्क स्वतःच सेकंदाला १०० मेगाबाइटच्या आसपास लिहिते. म्हणजे चांगल्या तारेचे नेटवर्क असेल तर दोन्ही मार्गांनी ५०० गिगाबाइटची मोठी प्रत सुमारे दीड तासात होते. फरक फारसा राहत नाही. परंतु राऊटर जुना, १०० मेगाबिटचा असेल, तर वेग सेकंदाला ११ मेगाबाइटवर येतो आणि त्याच कामाला १२ तासांहून अधिक लागतात. थेट तारेतही हाच भेद आहे. जुन्या यूएसबी २.० मधून ते काम चार-पाच तासांचे. २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० मध्ये तार अडथळा होत नाही, डिस्कचा स्वतःचा वेग मिळतो. वायफायवरून पहिली संपूर्ण प्रत काढावयास बसू नये. ती तारेने काढावी. त्यानंतर बदललेल्याच फाइल पाठवावयाच्या असल्याने वायफाय पुरते. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. हजारो लहान फाइलींना त्याच आकाराच्या एका मोठ्या फाइलीपेक्षा पुष्कळ अधिक वेळ लागतो, कारण प्रत्येक फाइलीची नोंद स्वतंत्रपणे करावी लागते.

म्हणजे वेगावरून निवड करण्यात फारसा अर्थ नाही. मग ती कशावरून करावी? माझे उत्तर असे की, कोणता मार्ग कोणत्या संकटातून वाचवितो यावरून. संकटे अनेक प्रकारची असतात. डिस्क बिघडते. माणूस चुकून फाइल पुसतो. चोर पेटी उचलून नेतो. आग लागते, पूर येतो. विजेचा लोळ तारेतून आत शिरतो. आणि अलीकडचे संकट म्हणजे खंडणीखोर विषाणू. तो संगणकात शिरून सर्व फाइलींना कुलूप घालतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने अनेक देशांतील संगणक असे बंद पाडले, हे आपणांस आठवत असेल.

हा विषाणू जोडलेल्या प्रत्येक जागेपर्यंत पोहोचतो. संगणकाला ज्या फाइलीत लिहिण्याचा अधिकार आहे त्या फाइलीवर तो कुलूप घालू शकतो. नेटवर्कवरची डिस्क 'झेड' नावाने समोर दिसत असेल, तर ती त्याच्या हाती लागते. यूएसबीची डिस्क लावूनच ठेवलेली असेल, तर तीही लागते. ती डिस्क काढून कपाटात ठेवली असेल, तरच तो तिच्यापर्यंत जाऊ शकत नाही. थेट जोडलेल्या डिस्कचा खरा गुण ती जोडता येते हा नसून ती काढून ठेवता येते हा आहे.

याचे एक मोठे उदाहरण जगाने पाहिले आहे, आणि त्याची झळ आपल्या न्हावाशेवा बंदरापर्यंत पोहोचली होती. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा विषाणू युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरला. त्यात डेन्मार्कची मर्स्क ही जहाजकंपनी सापडली. आपल्यातील अनेक घरांतील कोणी ना कोणी जहाजावर काम केलेले आहे. मर्स्कचे नाव त्यांना नवीन नाही. त्या कंपनीच्या जाळ्यात कोणाला कोठे प्रवेश द्यावयाचा याची नोंद सांभाळणारे सुमारे १५० सर्व्हर जगभर होते. प्रत्येक सर्व्हर इतरांची प्रत बाळगून होता. एक गेला तर दुसऱ्यावरून उभा करता येईल, अशी योजना होती. परंतु सर्व एकमेकांशी सतत जोडलेले होते, म्हणून सर्व एकदमच गेले. वाचला तो फक्त एक, आफ्रिकेतील घाना देशातला. तो का वाचला? तेथे वीज गेल्यामुळे तो त्या वेळी जाळ्यापासून तुटलेला होता! त्याच्यातील मजकूर माणसाच्या हाती देऊन विमानाने इंग्लंडला नेण्यात आला आणि त्यावरून पुढची उभारणी झाली. कंपनीला दहा दिवसांत ४००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसानीचा तिने स्वतः दिलेला अंदाज २५ ते ३० कोटी डॉलरचा होता. जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे कामही तेव्हा विस्कळीत झाले. एवढ्या धनाढ्य कंपनीला जे भाग्याने मिळाले, ते आपण एक तार काढून ठेवून मिळवू शकतो.

नेटवर्कच्या डिस्कचा दुसरा धोका, ती बाहेरच्या इंटरनेटवर उघडी ठेवली तर, असतो. वेस्टर्न डिजिटल कंपनीने 'माय बुक लाइव्ह' नावाची अशी डिस्क विकली होती. २०१५ नंतर तिच्या सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या येणे बंद झाले. लोकांनी ती वापरणे मात्र चालूच ठेवले. जून २०२१ मध्ये जगातील अनेक ग्राहकांना आपली डिस्क एका दिवसात रिकामी झालेली आढळली; बाहेरून कोणी तरी ती पुसण्याची आज्ञा दिली होती. ज्यांच्याजवळ दुसरीकडे प्रत होती त्यांना त्याचे काही वाटले नाही. ज्यांनी तिच्यावरच सर्व भिस्त ठेवली होती ते हात चोळीत बसले. यावरून धडा असा की, नॅस घेतली तर तिचा मूळ पासवर्ड बदलावा, तिचे सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत करावे, बाहेरून प्रवेशाची सोय गरज नसेल तर बंद ठेवावी, आणि दुरुस्त्या येणे थांबले की ती निवृत्त करावी.

नॅसमध्ये दोन डिस्क आहेत, एकीची प्रत दुसरीवर आपोआप उमटते, मग वेगळा बॅकअप कशाला, असेही काही जण विचारतात. ही 'रेड' नावाची पद्धत. तिच्यावरचा मूळ निबंध १९८८ साली अमेरिकेतील बर्कली विद्यापीठातून प्रसिद्ध झाला. एक डिस्क बिघडली तरी काम थांबू नये यासाठी ती आहे, आणि त्या कामी ती उत्तम आहे. परंतु ती आरशासारखी आहे. तुम्ही फाइल पुसली की आरशातलीही पुसली जाते. विषाणूने कुलूप घातले की दोन्हीकडे कुलूप पडते. पेटी चोरीस गेली की दोन्ही डिस्क एकत्र जातात. शिवाय नॅसमधून काढलेली डिस्क साध्या विंडोज संगणकाला लावली तर बहुधा ती वाचली जात नाही, कारण तिच्यावरील लेखनपद्धत वेगळी असते. पेटीचे यंत्र बिघडले तर मजकूर शाबूत असूनही हाती येत नाही, असा प्रसंग ओढवतो.

हे ऐकून, मग तारेची डिस्कच बरी, असे आपण म्हणाल. थांबा. तिचाही दोष ऐकून घ्या. तिला माणसाची आठवण लागते, आणि माणूस विसरतो. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला होणारी प्रत सहाव्या महिन्यात थांबलेली असते. गरज पडते तेव्हा कपाटातून निघालेली डिस्क मागच्या वर्षीची असते. कार्यालयात सहा संगणक असतील तर एक डिस्क घेऊन सहा टेबलांवर कोण फिरणार? दुसरा दोष असा की, ही डिस्क बहुतेक वेळा संगणकाच्या खालच्याच खणात असते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि बाजारपेठेतील तळमजले पाण्याखाली गेले. त्या पाण्याने टेबलावरचा संगणक आणि खणातील डिस्क यांत भेद केला असेल काय? त्याच वर्षी, १० मार्चला, फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. मूळ मजकूर आणि त्याची प्रत दोन्ही त्याच आवारात असलेल्या काही ग्राहकांचा मजकूर कायमचा गेला. मंत्रालयाची २१ जून २०१२ ची आग तर आपणांस ठाऊकच आहे. प्रत वेगळ्या यंत्रावर असणे पुरेसे नाही. ती वेगळ्या छपराखाली असली पाहिजे.

यावर अनुभवी लोकांनी एक सोपे सूत्र सांगितले आहे. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराच्या नावाने ते प्रसिद्ध आहे. तीन, दोन, एक. मजकुराच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि एक प्रत दुसऱ्या जागी असावी. थेट जोडलेली डिस्क की नेटवर्कची डिस्क, या वादाचे उत्तर या सूत्रात आहे. रोजची प्रत न विसरता व्हावी यासाठी नेटवर्कची डिस्क चांगली. संकटापासून दूर राहणारी प्रत हवी यासाठी काढून नेता येणारी डिस्क चांगली. एकीचे काम दुसरी करू शकत नाही.

आता हे सूत्र आपापल्या परिस्थितीला कसे लावावे ते सांगतो.

सामान्य घरात नॅसची आवश्यकता नाही. दोन लहान हार्ड डिस्क घ्याव्यात. एकीवर प्रत काढावी, दुसरी आत्याच्या किंवा मामाच्या घरी ठेवावी. महिन्याच्या पहिल्या रविवारी भेट झाली की दोहोंची अदलाबदल करावी. म्हणजे एक डिस्क सदैव दुसऱ्या छपराखाली राहील. दोन्ही एकदम घेण्याची ऐपत नसेल तर एकीने सुरुवात करावी; नाही त्यापेक्षा एक बरी. विंडोजमध्ये 'फाइल हिस्टरी' आणि मॅकमध्ये 'टाइम मशीन' ही सोय आधीच असते. तिच्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. तिच्यामुळे फाइलीच्या जुन्या आवृत्त्याही राहतात, आणि बिघाड उशिरा लक्षात आला तरी मागे जाता येते.

प्रबंध किंवा प्रकल्प लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने लॅपटॉपवर एक, तारेच्या डिस्कवर एक आणि इंटरनेटवरील साठवणीत एक अशा तीन प्रती ठेवाव्यात. परंतु इंटरनेटवरील साठवण आणि आपला संगणक एकमेकांशी सतत जुळवून घेत असतील, तर इकडे पुसलेले तिकडेही पुसले जाते, हे विसरू नये. म्हणून आठवड्याला तारीख घालून एक स्वतंत्र प्रत ठेवावी.

शाळेच्या किंवा संस्थेच्या कार्यालयात चार-सहा संगणक असतील तर नॅस घेणे योग्य ठरेल. सर्व संगणकांची रोज रात्रीची प्रत तिच्यावर जावी. दर शनिवारी नॅसला तारेची डिस्क लावून सर्व मजकूर तिच्यावर उतरवावा, आणि ती डिस्क काढून संस्थेच्या जबाबदार पदाधिकाऱ्याच्या घरी ठेवावी. अशा दोन डिस्क आलटून पालटून वापराव्यात. नॅसला यूपीएस जोडावा, कारण लिहीत असताना वीज गेली तर मजकूर बिघडू शकतो. कोकणातल्या पहिल्या पावसाच्या विजा ठाऊक असलेल्यांना हेही सांगावयास नको की, न वापरता जोडून ठेवलेली डिस्क संगणकाबरोबर जळते. काढलेली डिस्क दमट हवेपासून जपण्यासाठी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

बाहेर नेल्या जाणाऱ्या डिस्कवर विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, पत्ते, पालकांच्या उत्पन्नाचे दाखले असतात. ती रिक्षात विसरली तर काय होईल? म्हणून तिला पासवर्डचे कुलूप असावे. परंतु तो पासवर्ड एकाच माणसाला ठाऊक असणे हेदेखील संकटच आहे. तो लिहून बंद पाकिटात दोन व्यक्तींजवळ असावा. घरातही हीच रीत पाळावी. सर्व पासवर्ड आखातात असलेल्या मुलालाच ठाऊक, आणि घरी आईला डिस्क उघडताही येत नाही, अशी घरे कमी नाहीत. माझी बहिणींना विशेष विनंती आहे की, हे काम पुरुषांचे म्हणून सोडून देऊ नये. घरचे कागद जुन्या पेटीत नीट लावून ठेवणारे हात बहुधा स्त्रियांचेच होते.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रत तपासणे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका कर्मचाऱ्याने चुकून मुख्य माहितीसाठा पुसला. तेथे प्रत ठेवण्याच्या पाच पद्धती होत्या. गरज पडली तेव्हा त्यांपैकी एकही नीट चालत नसल्याचे उघडकीस आले. सहा तासांपूर्वी एका कर्मचाऱ्याने दुसऱ्याच कामासाठी काढलेली प्रत होती, म्हणून निभावले. तरीही सहा तासांचे काम गेले. 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचीही अशीच गोष्ट आहे. १९९८ साली त्याच्या बहुतेक फाइली चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या आणि बॅकअप नीट होत नव्हता असे तेव्हाच कळले. तांत्रिक दिग्दर्शिका गॅलिन सुसमन यांना नुकतेच बाळ झाले होते, म्हणून त्या घरून काम करीत. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तिने तो चित्रपट वाचविला.

म्हणून सहा महिन्यांतून एकदा राखीव डिस्क दुसऱ्याच संगणकाला लावावी आणि पाच-दहा फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. छायाचित्र दिसते काय? हिशेबाचा तक्ता उघडतो काय? १९६५ च्या रजिस्टरचे पान वाचता येते काय? उघडली तरच ती प्रत. न उघडलेल्या प्रतीवर विसंबून राहू नये.

विद्यार्थी मित्रहो, या कामात तुमचे वडीलधारे तुमच्याकडे पाहत आहेत. तुम्हांला हे येते, त्यांना येत नाही. या सुट्टीत प्रत्येकाने एक काम करावे. आपल्या घरातील संगणक व मोबाईल यांत अशी कोणती वस्तू आहे की जिची दुसरी प्रत कोठेही नाही, याची आजीआजोबांना आणि आईवडिलांना विचारून यादी करावी. यादी करताना कदाचित तुमच्या ध्यानात येईल की, त्यांच्या दृष्टीने मोलाची वस्तू आणि तुमच्या दृष्टीने मोलाची वस्तू वेगवेगळी आहे. दोन्ही लिहून घ्या. मग सर्वांत वरच्या वस्तूची प्रत काढा, ती उघडून पाहा, आणि तार काढून दुसऱ्या घरी पोहोचवा.

पदाधिकाऱ्यांना माझी विनंती अशी की, पुढील वर्षीच्या अंदाजपत्रकात इमारतीच्या डागडुजीशेजारी एक लहानशी रक्कम या कामासाठीही असावी. आपल्या आजोबांच्या पिढीने पैपैसा जमवून ही शाळा उभी केली आणि मुलांची नावे रजिस्टरात लिहिली. त्या नावांना आज कोणी नातू-पणतू शोधत येईल तेव्हा ती सापडली पाहिजेत. तेवढी जबाबदारी आपली आहे.